हार्ड डिस्क नसलेला संगणक नेटवर्कवरून सुरू होताना नेमका कोठे अडतो?

हार्ड डिस्क नसलेला संगणक चालू केला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटवून तो तेथेच थांबला, की बिघाड शोधणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. केबल तुटलेली असो, सर्व्हर बंद असो, फाइलच्या नावात एखादे अक्षर चुकलेले असो किंवा संगणकांना एकमेकांशी जोडणारा नेटवर्कचा स्विच अर्धा मिनिट उशिरा तयार झालेला असो, पडद्यावरचे शेवटचे वाक्य पुष्कळदा एकच असते: सुरू करण्याजोगे साधन सापडले नाही. त्या वाक्यावरून कारण कळत नाही. कारण कळते ते त्याच्या आधीच्या ओळींवरून, आणि त्याहूनही अधिक सर्व्हरवरच्या नोंदींवरून. म्हणून या लेखात मी एकच प्रश्न धरून चालणार आहे: या संगणकाचे शेवटचे कोणते पाऊल नीट पडले?

इंदूरमध्ये हा विषय अनेकांच्या उपयोगाचा आहे. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर या भागांत मराठी मंडळी वाचनालये, अभ्यासिका आणि मुलांचे वर्ग आपल्या हिमतीवर चालवतात. अशा ठिकाणी कार्यालयांतून बाद झालेले संगणक देणगी म्हणून येतात, आणि देणारा आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून हार्ड डिस्क आधीच काढून घेतो. उरलेला संगणक मात्र ठणठणीत असतो. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून प्रत्येकासाठी नवी डिस्क आणता येते. परंतु मग प्रत्येक संगणकावर वेगळी प्रणाली, वेगळे अपडेट आणि वेगळी दुरुस्ती आली. त्याऐवजी एक बरा सर्व्हर ठेवून बाकीचे सगळे संगणक नेटवर्कवरून सुरू केले, तर सुधारणा एकाच जागी करावी लागते. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. अट एवढीच, की संगणक अडला तर तो कोठे अडला हे ओळखणारे माणूस तेथे असावे.

साखळी कशी असते

नेटवर्कवरून सुरू होण्याची ही पद्धत आज ज्या रूपात चालते तिला पीएक्सई म्हणतात. इंटेलने तिची २.१ ही आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून बहुतेक संगणकांच्या नेटवर्क कार्डात ती असतेच. कल्पना त्याहून जुनी आहे. १९८० च्या दशकात सन कंपनीची डिस्क नसलेली वर्कस्टेशने अशीच दुसऱ्या यंत्राच्या आधारावर चालत असत.

संगणकाला वीज मिळाली की त्याचा सर्वांत पहिला प्रोग्रॅम, म्हणजे बायोस किंवा त्याचा नवा अवतार असलेले यूईएफआय जागे होते आणि नेटवर्क कार्डाला काम सोपवते. कार्ड डीएचसीपी या पत्ते वाटण्याच्या पद्धतीने नेटवर्कवर विचारणा करते, आणि उत्तरात त्याला स्वतःचा आयपी पत्ता, सर्व्हरचा पत्ता व पहिल्या फाइलचे नाव मिळते. ती फाइल टीएफटीपी या साध्या पद्धतीने उतरवून घेतली जाते. ही छोटी फाइल पुढे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि त्याच्यासोबतची प्रारंभिक रॅम डिस्क, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा मेमरीत ठेवायचा गठ्ठा, मागवते. कर्नल चालू झाला की तो नेटवर्क कार्डाचा ताबा नव्याने घेतो, पुन्हा एकदा पत्ता मागतो आणि मग सर्व्हरवरची मुख्य फाइलव्यवस्था, बहुधा एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीने, आपली म्हणून जोडून घेतो. त्यानंतर लॉगिनचा पडदा दिसतो.

या वर्णनात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नेटवर्क एकदाच चालू होत नाही. प्रत्येक टप्पा ते स्वतःपुरते नव्याने चालू करतो. कार्डातील प्रोग्रॅमला पत्ता मिळाला म्हणून कर्नललाही तो मिळेल असे नाही, कारण दोघांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्रॅम) वेगळे, थांबण्याची तयारी वेगळी आणि कधी कधी स्वतःची ओळख सांगण्याची रीतही वेगळी असते. ‘आताच तर नेटवर्क चालत होते’ हे वाक्य या कामात वारंवार ऐकू येते, आणि ते खरे असूनही दिशाभूल करते.

पत्ता मागण्याच्याही आधी

पडद्यावर नेटवर्कचा उल्लेखच न येता संगणक थेट ‘साधन सापडले नाही’ असे सांगत असेल, तर दोष नेटवर्कात शोधू नये. बायोसमध्ये नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय बंद असणार. जुन्या यंत्रांत तिला लॅन बूट रॉम म्हणतात, नव्यांत नेटवर्क स्टॅक म्हणतात, आणि ती चालू केल्यावर एकदा बाहेर पडून परत आत गेल्याशिवाय सुरुवातीच्या क्रमात तिचे नाव पुष्कळदा दिसतच नाही.

ही सोय एकदा चालू करूनही पुन्हा बंद झालेली आढळली, तर आतली नाण्याएवढी बॅटरी पाहावी. सीआर २०३२ नावाची ही ३ व्होल्टची बॅटरी बायोसमधील निवडी आणि घड्याळ जपते. संगणकाची वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये असून बटण चालू असते तोवर हे काम पॉवर सप्लाय करत राहतो, त्यामुळे मेलेली बॅटरी महिनोन् महिने लक्षात येत नाही. आमच्या वाचनालयात आठ क्रमांकाचे यंत्र कधी लागे, कधी लागत नसे, आणि केबल, स्विच, सर्व्हर यांपैकी कशातही दोष दिसत नव्हता. शेवटी खोली उघडणाऱ्या काकूंनीच सांगितले, “अहो, ज्या रात्री मेन स्विच चालू राहतो ना, त्या सकाळी आठ नंबर बरोबर लागतो.” त्या यंत्राच्या बायोसमधील तारीख अनेक वर्षे मागे गेलेली होती. बॅटरी बदलली आणि तक्रार संपली. बायोसमधील तारीख पाहणे ही काही क्षणांची तपासणी आहे. जुन्या यंत्रावर ती सर्वांत आधी करावी असे मी आग्रहाने सांगेन.

पडद्यावर पीएक्सई-ई६१ हा क्रमांक आणि केबल तपासा असा मजकूर आला, तर त्याचा शब्दशः अर्थ घ्यावा: कार्डाला पलीकडे कोणी जोडलेलेच दिसत नाही. कार्डामागचा दिवा लागतो का, ती केबल दुसऱ्या यंत्राला लावल्यास तेथे लागतो का, एवढे पाहिले की उत्तर मिळते. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यांतील चारच लागतात आणि गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एखादी तार जोडतोंडात नीट बसलेली नसेल, तर कार्डातील प्रोग्रॅम कमी वेगाने काम भागवतो आणि कर्नलचा ड्रायव्हर गिगाबिटचा प्रयत्न करून अडकतो, असेही घडू शकते. त्यामुळे पहिला टप्पा पार पडला म्हणून केबल निर्दोष ठरत नाही.

पत्ता मिळत नाही, किंवा भलत्याकडून मिळतो

डीएचसीपीची विचारणा ही सरवटे बसस्थानकावर उतरलेल्या, हातात पत्ता नसलेल्या पाहुण्याने गर्दीत मोठ्याने हाक मारावी तशी असते. त्याला कोणाला विचारायचे हे माहीत नसते, म्हणून तो सर्वांनाच विचारतो. कोणीच ओ दिली नाही तर तो तिष्ठत राहतो; आणि जो पहिल्यांदा ओ देतो तो योग्य यजमान असेलच याची त्याला खात्री नसते. या टप्प्यावरचे बहुतेक सगळे बिघाड या दोन शक्यतांत बसतात.

कोणीच उत्तर दिले नाही तर जुन्या यंत्रावर पीएक्सई-ई५१ आणि यूईएफआय यंत्रावर पीएक्सई-ई१६ दिसते. अशा वेळी सर्व्हरजवळ जाऊन एकच गोष्ट पाहावी: विचारणा त्याच्यापर्यंत पोहोचली का? डीएनएसमास्क हा छोटा, फुकट मिळणारा प्रोग्रॅम पत्ते वाटण्याचे काम करत असेल, तर त्याला डीएचसीपीची सविस्तर नोंद ठेवायला सांगता येते. किंवा टीसीपीडम्प हा नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम चालवून ६७ आणि ६८ क्रमांकाच्या पोर्टवरची (पोर्ट म्हणजे येथे सेवेला दिलेला क्रमांक) ये-जा थेट पाहता येते. विचारणा दिसली पण उत्तर गेले नाही, तर दोष सर्व्हरच्या मांडणीत आहे: पत्ते संपलेले असतील, सेवा चुकीच्या कार्डावर ऐकत असेल किंवा या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, वगळलेला असेल. विचारणा दिसलीच नाही, तर दोष वाटेत किंवा सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्यात, आहे. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धे जग वगळता येते, आणि तरीही लोक ते सोडून बायोसच्या निवडी बदलत बसतात याचे मला वाईट वाटते.

वाटेतला सर्वांत फसवा दोष महागड्या, व्यवस्थापन करता येणाऱ्या स्विचमुळे होतो. नेटवर्कात चुकून वर्तुळ तयार झाले तर ते ओळखण्यासाठी असे स्विच स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत वापरतात. तिच्या जुन्या रूपात, नवी जोडणी झाली की स्विच १५ सेकंद नुसता ऐकतो, पुढचे १५ सेकंद कोण कोठे आहे ते शिकतो, आणि मगच त्या पोर्टमधून, म्हणजे केबल लावलेल्या खाचेतून, माहितीची पाकिटे पुढे जाऊ देतो. दिवा मात्र पहिल्या क्षणापासून लागलेला असतो. इकडे पीएक्सईच्या नियमांप्रमाणे कार्ड चार वेळा विचारते आणि प्रत्येक विचारणेनंतर अनुक्रमे ४, ८, १६ आणि ३२ सेकंद थांबते. जोडणी होताच पहिली विचारणा गेली असे धरले, तर चारही विचारणा शून्य, ४, १२ आणि २८ व्या सेकंदाला जातात, आणि स्विच ३० व्या सेकंदाला वाट मोकळी करतो. चारही वाया गेल्या. संगणक पुढे अर्धा मिनिट कोणी उत्तर देईल म्हणून थांबतो, परंतु त्याची विचारणा कोणापर्यंत पोहोचलेलीच नसते.

याची खात्री करण्याची युक्ती अगदी स्वस्त आहे. संगणक आणि तो मोठा स्विच यांच्यामध्ये एक साधा पाच पोर्टचा स्विच ठेवावा. संगणक बंद-चालू झाला तरी मोठ्या स्विचच्या दृष्टीने जोडणी अखंड राहते, त्यामुळे तो नव्याने ऐकत बसत नाही. एवढ्याने संगणक सुरू झाला, तर कारण सापडले. कायमचा उपाय म्हणजे ज्या पोर्टांना फक्त संगणक जोडले आहेत त्यांवर पोर्टफास्ट ही, न थांबता वाट मोकळी करणारी, निवड चालू करणे; दुसरा स्विच जोडलेल्या पोर्टावर मात्र ती चालू करू नये, नाही तर वर्तुळाचा धोका परत येतो.

आता भलत्याने ओ देण्याविषयी. लहान संस्थांत हाच दोष सर्वाधिक आढळतो, कारण इंटरनेट देणाऱ्या कंपनीने बसवलेला राउटरही पत्ते वाटत असतो. सर्व्हर आणि राउटर दोघेही उत्तर देतात. राउटरच्या उत्तरात पत्ता असतो, फाइलचे नाव नसते. काही कार्डे थोडे थांबून फाइलचे नाव असलेले उत्तर निवडतात, तर काही जुनी कार्डे पहिले येईल ते उत्तर घेतात आणि मग पीएक्सई-ई५३ दाखवून सांगतात की फाइलचे नाव मिळाले नाही. एकच यंत्र सकाळी चालते आणि दुपारी चालत नाही, किंवा एका रांगेतली यंत्रे चालतात आणि दुसऱ्या रांगेतली चालत नाहीत, अशी अनियमितता दिसली की प्रथम दुसऱ्या डीएचसीपीचा संशय घ्यावा. पडद्यावर कार्ड आपल्याला मिळालेला पत्ता आणि तो देणाऱ्याचा पत्ता बहुधा छापते. तेथे राउटरचा पत्ता दिसला तर आणखी पुरावा नको.

राउटरमधील डीएचसीपी बंद करणे हा सरळ उपाय आहे, पण त्यानंतर सर्व्हर बंद पडला की वाचनालयातील वायफायवरच्या फोनांनाही पत्ते मिळत नाहीत. म्हणून मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे: पत्ते राउटरनेच द्यावेत आणि सर्व्हरने फक्त फाइलची माहिती पुरवावी. या व्यवस्थेला प्रॉक्सी डीएचसीपी म्हणतात आणि डीएनएसमास्कमध्ये ती एका ओळीत मांडता येते. तिच्यासाठी सर्व्हरवर ६७ सोबत ४०११ क्रमांकाचे यूडीपी पोर्टही मोकळे असावे लागते. ते विसरले तर संगणकाला पत्ता मिळतो आणि पुढची माहिती मात्र मिळत नाही.

फाइलचे नाव कळले, फाइल मिळाली नाही

या टप्प्यावरचे संदेश बऱ्यापैकी प्रामाणिक असतात. पीएक्सई-ई३२ म्हणजे टीएफटीपी सर्व्हरने उत्तरच दिले नाही: सेवा बंद आहे, ६९ क्रमांकाचे यूडीपी पोर्ट अडवलेले आहे, किंवा संगणकाला सर्व्हरचा पत्ताच चुकीचा सांगितला गेला आहे. फाइल सापडली नाही असा संदेश असेल, तर सर्व्हर भेटला आहे आणि नाव किंवा मार्ग चुकला आहे. लिनक्सवर लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानली जातात हे लक्षात ठेवावे, आणि फाइल सर्वांना वाचता येईल अशी परवानगी तिला आहे का तेही पाहावे. मध्ये एखादी फायरवॉल असेल तर आणखी एक गुंता होतो, कारण विनंती ६९ क्रमांकावर जाते पण सर्व्हर उत्तर एका नव्याच पोर्टवरून पाठवतो.

सर्व्हरच्या नोंदी वाचताना नवशिक्याचा एक गैरसमज हमखास होतो. पहिली फाइल म्हणून पीएक्सईलिनक्स हा प्रोग्रॅम वापरत असाल तर तो आपली मांडणीची फाइल ठराविक क्रमाने शोधतो: आधी यंत्राच्या ओळखक्रमांकाच्या नावाने, मग मॅक पत्त्याच्या नावाने, मग आयपी पत्ता षोडशमान पद्धतीत आठ अक्षरांत लिहून आणि शेवटून एकेक अक्षर गाळत, आणि सर्वांत शेवटी ‘डिफॉल्ट’ या नावाने. त्यामुळे सर्वकाही सुरळीत असतानाही नोंदीत ‘फाइल सापडली नाही’ अशा दहा ओळी लागोपाठ दिसू शकतात. त्या दोष नव्हेत. दहावी ओळ झाल्यावर ‘डिफॉल्ट’ मिळाली की नाही एवढेच पाहायचे.

फाइल पूर्ण उतरली आणि तरी संगणक काही न बोलता मागच्या यादीवर परतला, तर बायोस आणि यूईएफआय यांची गल्लत झालेली असण्याची शक्यता मोठी असते. दोघांना वेगवेगळी पहिली फाइल लागते. यूईएफआय यंत्राला बायोसची फाइल दिली तर ते ती उतरवते, पाहते आणि मुकाट्याने सोडून देते. उलट प्रकारात फाइल मेमरीत मावत नाही असा पीएक्सई-ई७९ संदेश येऊ शकतो. संगणक विचारणा करतानाच आपला प्रकार एका अंकाने सांगतो: शून्य म्हणजे बायोस, तर ६४ बिटांचे यूईएफआय बहुधा ७ आणि क्वचित ९ सांगते. सर्व्हरने हा अंक पाहून योग्य ते नाव द्यावे अशी मांडणी सुरुवातीलाच करून ठेवली, तर देणगीत येणाऱ्या जुन्या-नव्या यंत्रांची सरमिसळ त्रास देत नाही. नव्या यंत्रांत सिक्युअर बूट चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेली फाइल योग्य प्रकारची असूनही नाकारली जाते.

टीएफटीपीचे वय येथे जाणवते. त्याचा १९८१ सालचा मसुदा फाइलीचे ५१२ बाइटांचे तुकडे करून पाठवतो आणि प्रत्येक तुकड्याची पोच मिळाल्याशिवाय पुढचा पाठवत नाही. रॅम डिस्कची ६० मेगाबाइटची फाइल अशा रीतीने मागवली, तर सव्वा लाखाच्या आसपास तुकडे होतात आणि तितक्याच वेळा थांबावे लागते. शिवाय तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असल्यामुळे ६५,५३५ नंतर मोजणी संपते. म्हणजे सुमारे ३२ मेगाबाइटनंतर आकडा पुन्हा सुरुवातीला न्यावा लागतो, आणि काही जुन्या प्रोग्रॅमना ते जमत नाही. लहान फाइल नीट उतरते आणि मोठी दर वेळी त्याच ठिकाणी तुटते, तेव्हा हे कारण आठवावे. तुकडा मोठा ठेवण्याची सोय १९९५ पासून उपलब्ध आहे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई हा लहान प्रोग्रॅम पाठवायचा आणि कर्नल व रॅम डिस्क त्याच्याकरवी एचटीटीपीने मागवायची. फरक डोळ्यांना दिसेल इतका असतो.

कर्नल आला, घर सापडले नाही

कर्नलच्या ओळी पडद्यावर धावू लागल्या आणि मग मुख्य फाइलव्यवस्था जोडता आली नाही असे सांगून सारे थांबले, तर पत्ता, फाइल, टीएफटीपी यांपैकी काहीही पुन्हा तपासू नये. ते सर्व झाले आहे. आता कर्नलचा स्वतःचा नेटवर्काशी संबंध जुळला की नाही एवढेच पाहायचे आहे.

पहिली शक्यता म्हणजे रॅम डिस्कमध्ये या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरच नाही. डेबियन आणि उबंटूमध्ये रॅम डिस्क तयार करताना ती किती ड्रायव्हर घेणार हे ठरवता येते. ‘डेप’ ही निवड असेल तर ज्या यंत्रावर ती तयार झाली त्यालाच लागणारे ड्रायव्हर घेतले जातात. सर्व्हरवर तयार केलेली अशी रॅम डिस्क सर्व्हरसारखेच कार्ड असलेल्या संगणकावर उत्तम चालते आणि दुसऱ्या बनावटीच्या कार्डावर अडते. निवड ‘मोस्ट’ किंवा ‘नेटबूट’ अशी करून ती पुन्हा तयार करावी.

दुसरी शक्यता वर सांगितलेल्या स्पॅनिंग ट्रीचीच आहे. कर्नलने कार्ड नव्याने चालू केले की जोडणी क्षणभर तुटते आणि स्विच पुन्हा तीस सेकंद ऐकायला बसतो. पहिल्या टप्प्यावर सहनशील कार्डामुळे जे निभावले ते येथे निभावत नाही.

तिसरी शक्यता एनएफएसची. सर्व्हरने ती फाइलव्यवस्था कोणत्या पत्त्यांना खुली केली आहे, आणि संगणकाला आता मिळालेला पत्ता त्यात येतो का, हे पाहावे. आवृत्तीचाही मेळ लागतो. संगणक तिसऱ्या आवृत्तीने मागत असेल आणि सर्व्हर फक्त चौथी देत असेल, तर नकार येणारच. नोंद येथेही सर्व्हरवरच पाहावी, कारण संगणकाच्या पडद्यावर फक्त ‘जोडता आले नाही’ एवढेच असते.

याच टप्प्यावर पत्त्यांची उधळपट्टीही होते. कार्डातील प्रोग्रॅम स्वतःची एक ओळख सांगून पत्ता घेतो, कर्नल दुसरी सांगतो, आणि पुढे चालू झालेली प्रणाली तिसरी. सर्व्हरला हे तीन वेगळे पाहुणे वाटतात आणि एका यंत्राला दोन-तीन पत्ते दिले जातात. वीस पत्ते राखून ठेवलेल्या ठिकाणी बारा संगणक असले तरी पत्ते संपतात ते यामुळे. पत्ते मॅक पत्त्यावरून ठरवून द्यावेत आणि राखीव संख्या सढळ ठेवावी. चालू झालेल्या प्रणालीने मध्येच पत्ता बदलला तर एनएफएसचा संबंध तुटून संगणक गोठतो, म्हणून नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला या कार्डाला हात न लावण्याची सूचना द्यावी. एलटीएसपीसारखी तयार व्यवस्था यातले पुष्कळसे स्वतःच सांभाळते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीच घ्यावी असे मला वाटते.

एकेकटा चालतो, सगळे मिळून चालत नाहीत

सकाळी वर्ग भरताना बारा मुले एकदम बटणे दाबतात. प्रत्येक संगणकाने ६० मेगाबाइट मागितले तर एकूण ७२० मेगाबाइट सर्व्हरच्या एकाच केबलमधून जायचे असतात. सर्व्हरची जोडणी १०० मेगाबिटची असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट जातात, म्हणजे मिनिटाहून अधिक वेळ लागतो, आणि त्यात एखाद्या यंत्राचा धीर सुटतो. गिगाबिटवर हेच काम सात-आठ सेकंदांत होते. सगळ्या संगणकांची कार्डे जुनी असली तरी चालते. सर्व्हर ज्या पोर्टला जोडला आहे ते पोर्ट, ती केबल आणि ते कार्ड एवढे तरी गिगाबिटचे असावे.

जूनमध्ये माळव्यात पहिली वादळे आली की वीज जाते-येते, आणि तेव्हा वेगळाच घोळ होतो. वीज परत आल्यावर संगणक काही सेकंदांत विचारणा सुरू करतात; सर्व्हर डिस्क तपासत, सेवा चालू करत मागाहून तयार होतो. तोवर संगणकांनी आशा सोडलेली असते आणि सर्वांवर ‘साधन सापडले नाही’ झळकते. पाहणाऱ्याला वाटते की विजेच्या झटक्याने सारेच गेले. सर्व्हर पूर्ण चालू झाल्याची खात्री करून संगणक पुन्हा चालू केले की ते उठतात. सर्व्हरसोबत स्विचही यूपीएसवर असला पाहिजे. सर्व्हर जागा आणि स्विच झोपलेला असेल तर यूपीएसचा उपयोग निम्माच होतो.

संगणक चालू झाल्यानंतर मध्येच गोठला, माउसचा बाण हलतो पण काही उघडत नाही, अशी स्थिती असेल तर घाईने बटण दाबू नये. एनएफएसची जोडणी बहुधा अशा रीतीने केलेली असते की सर्व्हर दिसेनासा झाला तर संगणक त्याची वाट पाहत थांबतो आणि तो परतला की काम जेथे थांबले तेथून पुढे नेतो. पायाने निघालेली केबल परत खोचली की मुलाचे अर्धवट लिहिलेले पान जसेच्या तसे पुढे चालू होते. केबल जागेवर असूनही संगणक गोठलेलाच राहिला, तर मेमरी भरलेली असण्याचा संभव आहे. अशा व्यवस्थेत सर्व्हरवरची मूळ फाइलव्यवस्था फक्त वाचता येते आणि संगणकावर जे काही नवे लिहिले जाते, म्हणजे ब्राउझरचा साठा, तात्पुरत्या फाइली, डाउनलोड केलेले व्हिडिओ, ते सर्व रॅममध्ये साठते. दोन गिगाबाइट रॅमच्या यंत्रावर एक मोठा व्हिडिओ पुरेसा होतो. मुलांचे घरचे फोल्डर सर्व्हरवर ठेवावे आणि डाउनलोड तेथेच जातील अशी मांडणी करावी. शिवाय बाद झालेल्या एखाद्या यंत्रातील रॅमची पट्टी दुसऱ्यात चालत असेल तर ती बसवून द्यावी.